ताऱ्याची घट

हिंगणघाटच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि शाळा सुटली की बाजारातल्या एका सोनाराच्या दुकानात टेकायचो. हा गडी बोलतानाही तोंडातली फुंकणी काढत नसे, त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं निखाऱ्यांनाच ऐकू जायचं. एकदा मी त्याला मासिकात वाचलेलं सांगितलं, की सोनं-चांदी ताऱ्यांच्या पोटात शिजते आणि तारे फुटले की बाहेर पडते.

"म्हणजे तोही सोनारच," तो म्हणाला. "मंग त्यानं घट किती खाल्ली?" वितळवताना जे कमी भरतं ती घट, त्या बाबतीत याचंही नाव फारसं चांगलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली एक बाई आली. घरच्या देवांचे चांदीचे टाक मोडून तिला नातवासाठी वाळे करायचे होते. बाकावरची गिऱ्हाइकं ओरडली, "देव वितळवतं काय बे? पाप लागंल!"

बाई टाक परत पदरात बांधू लागली. तेव्हा त्याने फुंकणी तोंडातून काढली.

"मास्तर, चांदी कुठून आली म्हणालते?"

"ताऱ्यातून."

"आयकलं? पयले तारा होता, मंग देव झाला, आता वाळे होतीन. देव तं मधातच आला." मग बाईकडे हात केला. "आण वो माय."

टाक मुशीत पडले. निखारे फुलवण्याआधी तो उठला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी त्याने हळूच भिंतीकडे तोंड करून टांगली.

"तिले काऊन दाखवाचं?" तो मला म्हणाला.