पाहुणीचं खातं

नवरा गेल्यावर मी तिकडचं घर विकलं आणि अकोल्याला, जठारपेठेत, वडिलांकडे कायमची राहायला आले. तेवीस वर्षांत पासपोर्ट परदेशी झाला होता. त्यामुळे ज्या गावात शाळा शिकले, तिथेच बँकेच्या लेखी मी परदेशी नागरिक ठरले. खातं उघडायचं तर घरमालकाने लिहून द्यायचं: ही बाई माझ्या घरी राहते, नातं काय, किती दिवस राहणार.

घरमालक म्हणजे वडील. जन्मभर मास्तरकी केलेली, अक्षर अजून मोत्यासारखं. त्यांचा कागद मी न वाचताच नेला. बापाचा कागद कोण तपासतं?

काउंटरवरच्या मुलीने तो माझ्याकडे परत सरकवला. "ताई, बाबायनं पाहुणी लिहून देल्लं. पाहुण्यायचं खातं आमी नाई काढत."

नातं: विवाहित कन्या, पाहुणी. मुदत: पंधरा दिवस.

आधी हसू आलं, मग संताप. आमच्याकडे लग्न झालेली लेक माहेरी पाहुणीच. येताना भाकरतुकडा ओवाळायचा, निघताना ओटी भरायची. हे सगळे लाड मी हौसेने करून घेतलेत. पण त्याचा दाखला कोणी बँकेत देतं का?

घरी येऊन म्हटलं, "बाबा, दुसरा कागद द्या. कायमची राहते असं लिहा."

"कावून? तिकडं घर हाये ना तुयं?"

"विकलं."

हे तोवर सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. त्यांनी तोच कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "लेक चार दिवस आली तं शोभते, बाई. राहाले आली तं लोक इचारतात. म्या खोटं नाई लिहिलं."

ऐंशीच्या माणसाशी भांडायचं नाही असं ठरवून मी भांडलेच. उपयोग शून्य. उलट त्यांनी स्वतः उठून मला चहा करून दिला, कपबशीत, सोबत बिस्किटं.

महिन्याभरात अमरावतीला खोली घेतली. घरमालक अनोळखी, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. दुकानात उभ्याउभ्याच त्याने कागद भरला. नातं: भाडेकरू. मुदतीपाशी त्याचा पेन थांबला.

"किती लिहू, ताई?"

"मला जायचं नाही कुठे."

"मंग राहा न," म्हणाला आणि 'कायम' लिहून मोकळा झाला.

खातं आठ दिवसांत उघडलं. पासबुक घेऊन मी बँकेच्या पायरीवर बसले आणि वडील जिवंत असताना, ते गेल्यासारखी रडले.