आधी ताईंच्या डोळ्यांत

मी मुळात भित्रा माणूस. नव्वदच्या दशकात नागपूरहून वर्क व्हिसावर न्यू जर्सीला आलो तेव्हा नोकरी जाईल, व्हिसा जाईल, बर्फात गाडी घसरेल, अशा सगळ्या भीती सोबत घेऊनच आलो होतो. प्रयोगशाळेतल्या पहिल्या सकाळी मागून कोणीतरी हळूच "जयभीम" म्हणालं आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या वत्सलाताई. आज त्या पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत.

आमचं काम बाळांच्या शाम्पूचं. भरपूर फेस देणारी द्रव्यं डोळ्यांना झोंबतात. त्यांना मवाळ करणारं, तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं एक दाटसर, सौम्य सर्फॅक्टंट हा ताईंचा खास विषय. त्याला त्या 'थोरल्या जाऊबाई' म्हणत, कारण घरातली भांडणं त्याच्यामुळे मिटतात.

नव्या शाम्पूच्या बाटल्या वापरून पाहायला कर्मचाऱ्यांच्या घरी जात, त्या संध्याकाळी ताई स्वतः त्याने डोकं धूत, तेही डोळे उघडे ठेवून. रीतसर चाचण्या होतच असत, तरीही. मला ते ऐकूनच कसंतरी व्हायचं.

"ताई, डोळ्यांशी कशाला खेळता?" मी एकदा विचारलं.

"अरे, झोंबतंय हे बाळाला सांगता येत नाही. मला येतं."

एका कडाक्याच्या हिवाळ्यात बाटल्या घरोघरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ताई लालबुंद डोळे घेऊन कामावर आल्या. त्या तडक मागच्या शेडमध्ये गेल्या. थंडीत ते सर्फॅक्टंट थिजून खाली बसतं. पिंप उबेत ठेवून, नीट ढवळूनच वापरायचं असतं. कोणीतरी घाईत वरचं पातळ तेवढं काढून घेतलं होतं. थोरल्या जाऊबाई तळाशी राहिल्या होत्या आणि शाम्पूत नुसती भांडणं उतरली होती.

ताईंनी सगळ्यांच्या घरी फोन केले. आमचाच लागेना, सारखा एंगेज. आमची लेक तेव्हा जेमतेम बसायला लागली होती आणि तिच्या आंघोळीची वेळ झाली होती.

"चल, मी ड्राइव्ह करते. बर्फाचा तुला धसका आहे," ताई म्हणाल्या.

एडिसनला, आमच्या घरापर्यंतचा रस्ता बर्फाने निसरडा झाला होता. मला लेकीचे डोळे दिसत होते आणि, खरं सांगतो, व्हिसाही दिसत होता.

"ताई, साहेबांना कळलं तर बॅच कॅन्सल होईल. आपलं काय होणार?"

"मी ऑलरेडी सांगितलंय. माझ्या सहीने थांबवली. तू गप्प बस आता."

त्यांचं स्वतःचं ग्रीन कार्ड तेव्हा अडकलेलं होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दार उघडलं तर आतून पाण्याचा आवाज येत होता. मी बुटांसकट धावलो. रजनी, माझी पत्नी, लेकीच्या डोक्यावर नुसतं कोमट पाणी घालत होती. बाटली फळीवर होती, सीलबंद.

"आईचा नागपूरहून फोन होता," रजनी म्हणाली. "आणि शाम्पू कसा लावणार? ताईंचा फोन कुठे आलाय अजून?"

ताईंनी घरोघरच्या बायकांना बजावून ठेवलं होतं, की माझा फोन आल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आम्हा पुरुषांना याचा पत्ताच नव्हता. स्वयंपाकघरात मात्र ताईंनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "बजावलं होतं रे, पण माणूस विसरतं. फार घाबरले मी," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या घाबरलेल्या मी फक्त तेव्हाच पाहिल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्यावरची माझी माया अधिकच वाढली.

अलीकडे ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्याबाहेर घाम मलाच फुटला होता. त्या हसत बाहेर आल्या.

ताई, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही माझी इच्छा बरीचशी स्वार्थी आहे. त्या लेकीला गेल्या आठवड्यात मुलगी झाली. दुकानातून आणलेली शाम्पूची बाटली फळीवर आहे. मी उघडायला गेलो तर लेक म्हणाली, "बाबा, नो. वत्सला आजीचा फोन येऊ दे."