अँटिबॉडीवाले सासरे

शिंपीकाम करणारे सासरे पहिल्या भेटीत जावयावर असे झेपावले, की लग्न मोडलं असं समजून तो बूट शोधू लागला. त्यांना फक्त त्याच्या शर्टाचं माप घ्यायचं होतं.

पुढे ते साथीच्या आजारातून बरे झाले, रक्तात अँटिबॉडी भरपूर निघाल्या आणि तो रिपोर्ट लॅमिनेट होऊन दुकानात आरशाशेजारी लागला. वर्षभराने नात झाली. तिला पाहायला सासरे खोकत खोकत दारात हजर, रिपोर्ट काखेत.

"बाबा, आधी तपासून या," जावयाने दार अडवलं.

"अहो, हा खोकला नाही, अँटिबॉडी कामाला लागल्यात!"

"रिपोर्ट वर्षभर जुना आहे."

"जावईबापू, दहावीचे मार्क कधी उतरतात का?"

तरी तणतणत तपासायला गेले. विषाणू सापडला. नात त्यांना एकविसाव्या दिवशी दिसली.