बासोड्याच्या सकाळचा चहा

आधीच सांगून टाकते, मला माझ्या आवाजाचा भयंकर गर्व आहे. नम्रपणा वगैरे आपल्याला जमत नाही. साताऱ्याहून लग्न होऊन निघाले, नवऱ्याची बँकेतली बदली जयपूरला झाली आणि दोन वर्षांत मी इथल्या सरकारी रेडिओवर हिंदीतून बोलायला लागले. आवाजाच्या परीक्षेला ही भली मोठी रांग होती आणि तीत मराठी मी एकटी. सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, "तुझी हिंदी कळते का गं तिथल्या लोकांना?" कळते म्हणजे काय! बावीस वर्षं कळतेय. पुढं नवऱ्याला बढती मिळत होती, पण बढतीबरोबर दुसऱ्या राज्यात बदली होती. त्यानं ती घेतली नाही. "हिच्या रेडिओपायी मी मॅनेजर व्हायचा राहिलो," असं तो आजही आल्यागेल्याला ऐकवतो. ऐकवू दे.

तर मी कॅज्युअल. म्हणजे नोकरी नाही. महिन्याला पाच-सहा ड्यूट्या मिळणार, ड्यूटीमागं ठरलेलं मानधन मिळणार, बाकी रजा नाही, पेन्शन नाही, दिवाळीचा डबासुद्धा नाही. कायमच्या नोकरीतले अनाउन्सर एकेक करून रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. सकाळच्या प्रसारणाला रेडिओत सकाळची सभा म्हणतात. ती सभा गेली कित्येक वर्षं आम्हा कॅज्युअल लोकांच्याच जिवावर चाललेली. पहाटे पाचला स्टुडिओत पोचायचं, घड्याळ मिळवायचं, गाणी तपासायची आणि बरोबर वेळेला माईक उघडायचा. एकदा ताप होता, एकदा दंगलीची अफवा होती, एकदा ऑफिसची गाडी वाटेतच बंद पडली म्हणून अर्धा रस्ता चालत गेले. पण सभा चुकवली नाही.

माझं एक वाक्य लोकांना आवडायचं. पहिली भजनं संपली की मी म्हणायची, "चूल्हे पर चाय रखिए, तब तक सुनिए यह गीत." काही विशेष नाही हो त्यात, पण भाजीवाल्यापासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत मला कुणीही हे वाक्य म्हणून दाखवायचं. मी वरवर "चलो, हटो" म्हणायची आणि आतून फुगायची.

मग नवे साहेब आले, आणि त्यांच्यामागोमाग खर्चकपात. माणूस वाईट नव्हता, हे मी आज शांत डोक्यानं म्हणू शकते. त्यांना वरून हुकूम होता. त्यांनी आधी स्वतःच्या खोलीतला एसी बंद केला, मग पाहुण्यांचा चहा, मग पहाटेच्या ड्यूटीला न्यायला येणारी गाडी. गाडी बंद झाली तेव्हा आम्ही कुरकुरलो आणि रिक्षानं, स्कूटरनं यायला लागलो. मग एके दिवशी त्यांनी सगळ्या कॅज्युअलांना बोलावलं. बोलणं अर्थात हिंदीत झालं, मी आपलं मराठीत सांगते.

"सकाळच्या सभेला आता स्टुडिओत अनाउन्सर लागणार नाही," साहेब म्हणाले. "गाणी कॉम्प्युटरवर आहेतच. आठवडाभराच्या घोषणा एका दुपारी रेकॉर्ड करून ठेवायच्या. आठवड्याला एकच ड्यूटी, एकच मानधन."

मग ते माझ्याकडं वळले. "आणि आवाज अर्थातच मॅडमचा. सगळ्या श्रोत्यांना तोच पाहिजे."

झालं! मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. वीस माणसांसमोर साहेबांनी म्हटलं ना, सगळ्यांना तोच पाहिजे. माझ्या शेजारी जयपूरजवळच्या चाकसू गावची एक मुलगी बसली होती. मुलगी म्हणजे माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, दोन पोरांची आई. नवऱ्याचं दुकान बसलं होतं, पोरांच्या फिया हिच्या ड्यूट्यांवर आणि चार शिकवण्यांवर चालल्या होत्या. सकाळची ड्यूटी असली की आदल्या दिवशीच बसनं येऊन चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, मावशीकडं मुक्काम करायची. आता तिच्या सगळ्या सकाळी गेल्या होत्या आणि त्या माझ्या घशात आल्या होत्या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दीदी, आवाज तर तुमचाच आहे, त्यात काय." त्यात जरासुद्धा टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. मी नुसतं "हं" म्हटलं आणि स्कूटरला किक मारली. आज सांगताना लाज वाटते.

होळी झाली. नखातला रंग अजून गेला नव्हता आणि मी पुढच्या सात सकाळी एका दुपारी बोलून मोकळी झाले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि मी आत "सुहानी सुबह" म्हणत होते. पहिल्या दोन सकाळी नीट बोलले. तिसरीला घसा कोरडा पडला. पाचवी-सहावीला आपण कोणत्या वाराचं बोलतोय हेच मला कळेना. तोंड आपोआप चालत होतं. भजन, वेळ, चूल्हे पर चाय रखिए. भजन, वेळ, चूल्हे पर चाय रखिए. तासाभरात आठवडा संपला.

त्या आठवड्यात बासोडा होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. होळीनंतर आठव्या दिवशी इथं शीतला मातेची पूजा असते. आपल्याकडं श्रावणात शिळा सप्तमी असते ना, तसंच. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. गार राबडी, म्हणजे ताकातली बाजरीची आंबील, आणि गुळाचे गार पुए. चाकसूच्या डोंगरीवर मोठी जत्रा भरते, पहाटेपासून बायका लोटतात. चूल पेटवली तर माता कोपते, पोराबाळांना गोवर-कांजिण्या येतात, असं मानणाऱ्या हजारो बायका आजही आहेत आणि सकाळी रेडिओ लावणाऱ्याही नेमक्या त्याच. इतकी वर्षं बासोड्याला मी वाक्य बदलायची. "आज चूल्हे को आराम दीजिए," असं म्हणायची. स्टुडिओत बसलं की ते आपोआप सुचायचं, कारण येताना रस्त्यात पूजेचं ताट घेतलेल्या बायका दिसायच्याच.

त्या सकाळी मी घरी होते, चहाचा कप हातात. नवरा पेपर वाचत होता. रेडिओवर मी बोलत होते. आणि मी म्हणाले, चूल्हे पर चाय रखिए.

मला कळलंसुद्धा नाही! एक घोट घेतला आणि फोन वाजला. चाकसूची ती. मागं जत्रेतला लाउडस्पीकर, बायकांची गाणी. "दीदी, आज बासोडा आहे!" एवढंच म्हणाली. मोबाइलवरचा रेडिओ ऐकून तिच्या सासूनं कानावर हात ठेवले होते म्हणे.

कप ठेवला, केस तसेच बांधले आणि निघाले. स्टुडिओत चिटपाखरू नव्हतं. कंट्रोल रूममधला एकटा इंजिनीअर दोन फोन दोन कानांना लावून "जी माताजी, जी माताजी" करत होता. मला बघून हात जोडले बिचाऱ्यानं. त्याच्या हातातला फोन घेतला तर पलीकडे एक म्हातारी. "बेटी, इतकी वर्षं तुझं ऐकते. आज तू असं कसं बोललीस? तू नव्हतीस का तिथं?"

नव्हते मी तिथं. माफी मागितली, तीनतीनदा मागितली.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. ड्यूटी रूममध्ये एक रजिस्टर असतं. प्रसारणात काही चुकलं, गाणं अडकलं, वेळ चुकीची सांगितली, तर ज्यानं चूक केली त्यानंच ती स्वतःच्या हातानं लाल शाईनं लिहायची. कुणी विचारायच्या आधी लिहायची. लपवणारा अनाउन्सर आमच्यात अगदी हलका समजला जातो. महिन्याच्या शेवटी ती पानं वरच्या ऑफिसात जातात. मी लाल पेन शोधत होते तेवढ्यात साहेब आले.

"मॅडम, काही लिहू नका," ते म्हणाले. "फोन आलेत फक्त. संध्याकाळपर्यंत लोक विसरतील."

"चूक झालीय, सर."

"रजिस्टर ड्यूटीवरचा माणूस लिहितो. तुम्ही आज ड्यूटीवर नव्हता."

"तेच तर लिहायचंय," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "स्टुडिओत कुणीच नव्हतं, हेच लिहायचंय."

ते खुर्चीत बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे वर गेलं तर मला जाब विचारतील आणि सकाळची सभा परत लाइव्ह करायला लावतील. पैसे मी कुठून आणू? आणि मॅडम, बासोड्याची चूक तुमच्या नावावर लिहिलेली असेल. मग यादीत तुमचं नाव ठेवणं मला अवघड होईल. तुम्ही समजदार आहात."

समजदार! डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! पण खरं सांगते, लाल पेन एव्हाना सापडलं होतं, तरी माझा हात थांबला. बावीस वर्षं. माईक उघडला की तो लाल दिवा लागतो, आपण श्वास घेतो आणि सगळं शहर गप्प होऊन ऐकतंय असं वाटतं, ते सोडायचं? पैशाचं मला पडलं नव्हतं, नवऱ्याची पेन्शन आहे. पण त्या माईकशिवाय मी कोण? बदलून आलेल्या बँकवाल्याची बायको, आणखी काय.

आणि मग वाटलं, मी गप्प बसले तर दर आठवड्याला हेच होणार. एखाद्या दिवशी शहरात काहीतरी भयंकर घडलेलं असेल आणि माझाच आवाज लोकांना सुहानी सुबह म्हणत असेल. मी जिवंतपणी माझाच फोटो भिंतीला लावून घेतला होता, आणि वर हारही.

लिहिलं. सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं. बासोड्याच्या दिवशी चूल पेटवायला सांगणारी घोषणा झाली. आवाज माझा, चूक माझी. घोषणा आठवडाभर आधी रेकॉर्ड केलेली. प्रसारणाच्या वेळी स्टुडिओत उद्घोषक हजर नव्हता. खाली सही, वेळ. साहेब बघत होते, पण त्यांनी हात धरला नाही. एवढं श्रेय त्यांना मी देते.

पान वर गेलं. वरून खरमरीत पत्र आलं, असं इंजिनीअर म्हणाला. पुढच्या महिन्याची यादी बोर्डावर लागली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. सकाळची सभा लाइव्ह. मानधन होतं तेवढंच, प्रत्येक सकाळचं वेगळं. सहा सकाळी चाकसूच्या त्या मुलीच्या, बाकीच्या इतरांच्या. माझं नाव नव्हतं. वरून खालपर्यंत दोनदा वाचलं, नव्हतं.

साहेब कॉरिडॉरमधून चालले होते. थांबले. "मॅडम, लिहिलं तुम्हीच," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत असावं.

"हो, मीच लिहिलं," मी म्हटलं. "अक्षर लागलं ना नीट?"

रुबाबात जिना उतरले. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू. नवऱ्यानं दोनदा दार वाजवलं. नंतर त्यानं स्वतः पोहे केले, त्यात मीठ नव्हतं, आणि मी ते सगळे खाल्ले.

पहिल्या तारखेला तिची पहिली सकाळ होती. रेडिओ लावायचा नाही असं मी रात्री ठरवलं होतं. पाचला उठून लावला. तिनं वेळ सांगितली, जरा घाई केली. भजनं झाली. माझं वाक्य तिनं घेतलं नाही. शहाणी आहे. मग गाण्याच्या आधी ती थांबली आणि म्हणाली, चांदपोल दरवाज्याजवळ पाण्याची मोठी पाइप फुटलीय, मी आत्ता तिथूनच आलेय, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलीय माझी. शाळेच्या रिक्षावाल्या भाईसाहेबांनी आज तो रस्ता घेऊ नये, मुलांना दुसऱ्या दरवाज्यानं न्यावं.

"सरकारी रेडिओवर सलवार?" नवऱ्यानं पेपर खाली घेतला.

मी हसत होते आणि डोळे वाहत होते. ती तिथं होती, ओल्या पायांनी, आणि ती तिथं होती, ते मी लाल शाईनं लिहिलं म्हणून. हे मी कुणाला सांगायला जाणार नव्हते, पण मला माहीत होतं.

"अगं, तुझी ड्यूटी गेली," तो म्हणाला, "आणि तू हसतेस काय?"

"अहो, गप्प बसा," मी म्हटलं. "ती बोलतेय, ऐकू द्या."