सारजाबाईनं वेचलेलं निदण

सारजाबाई मढ गावाकडची. डोंगरात भात-नाचणी करून हाताला घट्टे पडलेले. नवरा गेला, पोरगी गेली, मागं राहिली नात सोनल. आमच्या पिंपरी पेंढारच्या शिवारात फादरांनी बायबलातल्या झाडांची बाग केली, तिथं ती कामाला आली. मी गोरख, बागेचा मुकादम. ही गोष्ट मी सांगतोय म्हणून मला भला माणूस समजू नका.

बागेत अंजीर, डाळिंब, द्राक्ष ही आपलीच. जैतून, म्हंजे ऑलिव्ह, मात्र लांबनं आणलेलं, चार वर्षांत एक फळ न्हाई. फादर पुस्तक उघडून पानं ताडून बघायचे. बाई पान चुरगाळून वास घ्यायची अन् सांगायची, ह्ये ते न्हाई, दुसरंच हाय. फादर हसायचे, पण झाडावरची नावाची पाटी बदलायचे. मला याचा लई राग यायचा. डोंगरातली अंगठाबहाद्दर बाई, तिनं आमाला शिकवावं?

पंपाशेजारची खोली तिला राहायला दिली व्हती. सोनल तिथनंच शाळेत जायची, त्या साली धाव्वीला. नाताळात पाव्हणे बाग बघायला येणार व्हते. त्यांना पसंत पडली तर तुला कायम करू, खोली तुझीच, असं फादर तिला बोलले. तेवढ्यावर म्हातारी ऊर फुटेस्तवर राबायला लागली.

त्याच हंगामात फादरांनी परदेशातनं मूठभर बी मागवलं. निदणाचं. निदण म्हंजे हुबेहूब गव्हासारखं दिसणारं गवत. बायबलात गोष्ट हाय म्हणं, वैऱ्यानं गव्हात निदण पेरलं, तर धन्यानं आपल्या गड्यांना थांबवलं. आता उपटाल तर गहूबी उपटंल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. तेच पाव्हण्यांना दाखवायचं व्हतं. एका वाफ्यात दोन्ही मिसळून पेरलं. फादर मला म्हणाले, बाईला सांगून ठेव, या वाफ्याला हात लावायचा नाही.

मी सांगितलं न्हाई. विसरलो न्हाई, राव. ओंबी येईस्तवर फादरांनाबी फरक कळत न्हाई, हिला काय डोंबल कळणार, म्हणून सोडून दिलं. अन् संकष्टीला ओझरला दर्शनाला गेलो.

परत आलो तर वाफा आरशासारखा. बांधावर निदणाचा ढीग सुकत पडलेला. बाई खुशीत मला दाखवायला लागली, ह्ये बघा भाऊ, बुडाशी तांबूस असतंय, पान खालनं चकाकतंय. भातात रानभात शिरतं, ते कोवळं असतानाच वेचायला ती आईकडनं शिकली व्हती. गव्हाची एक काडी तिनं उपटली नव्हती.

फादर आले. ढीग बघून लालबुंद झाले, मग माझ्याकडं वळले.

"गोरख, तू हिला सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं व्हतं, फादर."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मुकादमाला चारचौघात खोटं पाडायची तिच्याकडं रीत नव्हती. मग फादरांनी ती धन्याची अन् गड्यांची गोष्ट तिला पहिल्यांदाच सांगितली, दातओठ खात सांगितली, अन् संध्याकाळच्या आत खोली खाली कर म्हणाले.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग फादर, मलाबी कापणीपर्यंत राहू द्या की. तवर सोनलची परीक्षा व्हईल."

फादर नाही म्हणाले.

तिची पेटी मीच एसटीच्या थांब्यावर नेली. सोनल दप्तर छातीशी धरून उभी. तिनं विचारलं, "काका, तुमी आज्जीला खरंच सांगितलं व्हतं?" मी पोरीच्या डोळ्यात बघून हो म्हणालो. लाज वाटली, न्हाई असं न्हाई. पण गाडी आली अन् मी पेटी वर चढवली.

पाव्हण्यांना फादरांनी निदणाचं चित्र दाखवलं. सोनलची परीक्षा बुडाली, आता ती मढला लोकांच्या खाचरात भात लावती. बाईच्या खोलीत मी खताच्या गोण्या ठेवल्यात. गहू मात्र त्या साली लई चांगला आला, दाण्यात भेसळ म्हणून न्हाई.