नायगाराच्या जिन्यावर

यजमान गेले तो मंगळवार होता. सकाळी त्यांनी चहा घेतला, पेपर वाचला, अंगणात गेले आणि पडले. डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली आणि हात खाली ठेवला. दुपारी मी मुलीला अमेरिकेत फोन केला.

तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली. येणारा प्रत्येक जण त्यांच्या नोकरीविषयी बोले. ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीत आलेला कापूस कोणत्या प्रतीचा, घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणारे. लोक बोलत आणि मी मान हलवी. माझ्या डोळ्यांसमोर मात्र सारखा एक ओला लाकडी जिना येत होता. तो बैठकीत सांगण्यासारखा नव्हता.

ग्रेडरचं काम हाताचं असतं. ते वरचा कापूस कधी घेत नसत. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला काढत. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत आणि धागा किती लांब येतो ते पाहत. मग मूठ घट्ट आवळून उघडत. कापूस फुलला तर कोरडा, गोळा राहिला तर ओला. मग एक शब्द. तो शब्द ऐकायला माणूस रात्रभर रांगेत बसलेला असे.

लग्नानंतरची कितीतरी वर्षं संध्याकाळी ते घरी आले की केंद्रच घरात येई. कोण काय बोललं, कोणाचा बैल कसा अडून बसला, सगळं नकला करून सांगत. मी पांढरकवड्यात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मला ते ‘बाई’ म्हणत, वर्गातल्या मुली म्हणतात तसं, मुद्दाम सूर लावून.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. ऐन वेचणीत पाऊस, बोंडअळी, उतरलेले भाव. पिवळा पडलेला, डाग लागलेला, दमट कापूस यायला लागला. नियम वरून ठरून येत. यांच्या हातात फक्त मूठ होती. दिवसभर ‘वापस’ म्हणून ते घरी येत आणि चपला काढून गप्प बसत. आधी मला वाटलं, थकवा आहे. पुढे तो स्वभावच झाला. भाजी बरी झाली का? हं. मुलीचं पत्र आलंय. हं. मी पुस्तकं जास्त वाचायला लागले. निवृत्तीनंतर बोलतील, असं मी धरून चालले होते. निवृत्त झाले, पण बोलले नाहीत. याच गप्प माणसाबरोबर आता शेवटपर्यंत राहायचं आहे, ही भीती मला तेव्हापासून होती.

मुलीनं बोलावलं तेव्हा नायगाराचा हट्ट मी धरला. इतकी वर्षं मी तो फळ्यावर खडूनं काढला होता.

“कायले जायाचं?” ते म्हणाले. “आपला सहस्रकुंडचा धबधबा काय वाईट हाय?”

“सहस्रकुंड माझ्या पुस्तकात नव्हतं.”

“हं,” ते म्हणाले. पण आले.

आमच्या घरात अंगाला लागणारं सगळं सुती असे. कापसाच्या मुलखात राहून नायलॉन घालणं त्यांना फसवणूक वाटे. मुलगी त्या सकाळी म्हणाली, “आई, तिथे खाली पाणी अंगावर येतं. माझी पँट घाल, लवकर वाळेल.” हे खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, “सुतीच बरं.” माझंही तेच मत होतं. मी जाड काठाचं सुती पातळ नेसले.

मुलगी तान्ह्या नातीला घेऊन वर थांबली. आम्ही लिफ्टनं खाली उतरलो. तिथे पिवळे प्लास्टिकचे झगे आणि पायात घालायला चपला मिळाल्या. पुढे खडकांवरून लाकडी जिने आणि कठडे लावलेले फलाट, प्रत्येक आधीच्यापेक्षा धबधब्याच्या जवळ. शेवटच्या फलाटावर हात लांब केला तर पाण्याला लागेल असं वाटत होतं. मला भीती वाटली आणि पुढेही जावंसं वाटलं. मी यांचा दंड धरला आणि आम्ही गेलो. पाणी वरून आलं, बाजूनं आलं, वाऱ्यानं झगा उडाला तसं खालूनही आलं. श्वास कोंडला. त्या गर्जनेत मी ओरडत होते, हे मला नंतर कळलं.

परत फिरलो आणि जिन्याच्या पहिल्या वळणावरच मला पाय उचलवेना. पाच वार सूत पाणी पिऊन बसलं होतं. निऱ्या शिशासारख्या झालेल्या, पायांना गुंडाळलेल्या. मी पायरीवर बसले. बाजूनं गोरी मुलं आम्हाला वळसा घालून चढत होती.

हे खाली वाकले. माझ्या निऱ्यांचा एक पुंजका त्यांनी मुठीत घेतला, आवळला, मूठ उघडली. गोळा तसाच राहिला. मग ताठ उभे राहून केंद्रावरच्या आवाजात ओरडले, “ओला माल हाय! गाडी वापस!”

आणि हसले. किती वर्षांनी, मला सांगता येणार नाही. मलाही हसू आवरेना. मी हात जोडून म्हटलं, “असं नका करू जी साहेब. लय दुरून आणला. पहा ना एकदा परत.”

त्यांचं हसू गेलं.

मला कळेना मी काय केलं. ते माझ्याजवळ पायरीवर बसले, पाण्यात. मग माझ्या कानाशी तोंड आणून बोलायला लागले, कारण त्याशिवाय तिथे काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

“अशेच म्हनत लोकं. हेच, असंच. म्या वर पाह्यलंच नाही कधी. तोंड पाह्यलं असतं त वापस म्हनता आलं नसतं. फक्त हात पाहो. हातावरून आजबी वळखीन मी मानसं. तोंड एकाचं आठवत नाही.” पुढे म्हणाले, “मग सवयच लागली. घरी येऊन तुयाकडं बी पाह्याचं राहून गेलं, बाई.”

पाणी दोघांच्याही चेहऱ्यांवरून वाहत होतं.

शेवटी तेच उठले. निऱ्या पिळल्या आणि वेचणीच्या बाया खोचतात तसा मला कासोटा खोचून दिला. पांढरकवड्याची भूगोलाची बाई गुडघे उघडे टाकून नायगाराचा जिना चढली. वर थांबलेल्या मुलीनं मला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “बाबा, हे काय केलंत आईचं?”

“भाव वाढवून आनला,” ते म्हणाले.

परत आल्यावर ते बोलू लागले. पूर्वीसारख्या नकला नव्हत्या. हळू, अडखळत, त्या वर्षांतली एकेक गाडी आठवून. मग म्हणाले, त्या गावांना जाऊन यायचं. माफी वगैरे मागायला नाही. “तोंडं पाहून येऊ.”

पहिल्यांदा महागावच्या बाजारात गेलो. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याचे हात त्यांनी ओळखले आणि समोर जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्यानं वर पाहिलं, ओळखलं, आणि बाकावर जराही न सरकता म्हणाला, “या ग्रेडर साहेब. आज त तोंडाकडं पाहून राह्यले! काहून, चष्मा बदलला का?”

“डोळे बदलले,” हे म्हणाले.

“मंग लय वर्सं उशीर झाला जी.” जरा वेळानं तो बाकावर सरकला. चहा त्यानंच मागवला, आणि पैसे यांना देऊ दिले नाहीत. परतीच्या एसटीत हे त्या माणसाचा चेहरा मला वर्णन करून सांगत होते, टपरीवर मीही शेजारीच उभी होते हे विसरून.

पुढच्या बाजाराला बोरी अरबला जायचं ठरलं होतं. मधे तो मंगळवार आला.

मी बोरी अरबला गेलेले नाही. मला त्यांच्यासारखे हात ओळखता येत नाहीत, आणि तिथलं कोणी मला ओळखत नाही. त्यांनी सांगितलेल्या गाड्या मला आठवतात, सगळ्या नाही. मुलगी रविवारी फोन करते. बाकी दिवस घरात कोणी बोलत नाही.