तापलेल्या गाडीतली थंड जागा

कडेगावहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी विश्रामबागेतल्या घरी चहा गाळत होते. "आत्या, हवालदारआजोबा गेले," तो म्हणाला. अंघोळ करून उन्हात बसले, आणि बसल्या जागीच... पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. शिवराममामा ऐंशीच्या पुढचा होता, आजारी नव्हता, कुणाला त्रास न देता गेला. भेटायला येणाऱ्यांनी हे सगळं मला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या फोनला आता महिना होऊन गेला, तरी घरासमोर एखादी गाडी कण्हत थांबली की मला वाटतं, आता मामाचा आवाज येणार, "बंद कर रं ती! जीव घेतोस का तिचा?"

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, आमच्या कडेगावातच राहणारा. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेत हवालदार होता, मोटारी चालवायचा आणि दुरुस्तही करायचा. तोफांच्या आवाजानं त्याचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे तो सगळ्यांशी पलीकडच्या शिवारात हाक मारल्यासारखा बोलायचा. स्वभावानं गरीब वगैरे अजिबात नव्हता. मिशीला रोज तूप, चपलेला पॉलिश, आणि मोटारीचा विषय निघाला की समोर कलेक्टर का असेना, ह्याचंच खरं. तो परदेशात असताना इकडे मामी पहिल्या बाळंतपणात गेली. कडेगावहून सांगलीला बैलगाडीनं नेताना, वाटेतच. मामा परत आला तेव्हा घराला कुलूप होतं. ह्याबद्दल तो कधी एक अक्षर बोलला नाही, आणि विचारायची आमची छाती झाली नाही.

तो परत आला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पहिलटकरीण म्हणून माहेरी कडेगावात आले होते. कळा सुरू झाल्या, सुईणीनं पोट चाचपलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, पोर आडवं आलंय, माझ्यानं व्हायचं न्हाई, सांगलीला हलवा. गावात ऊसवाल्या पाटलांची तेवढी एक मोटार होती. त्यांनी ती लगेच दिली, सोबत त्यांचा ड्रायव्हर हुसेनही दिला. मागे आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी, पुढे हुसेनशेजारी मामा, असे आम्ही सकाळी निघालो. विटा मागे पडलं आणि गाडी उकळायला लागली. हुसेन थांबला, पाणी ओतलं, निघाला. थोडं गेलो की पुन्हा वाफ. तासगावच्या अलीकडे उसाच्या एका फडाशेजारी तिसऱ्यांदा थांबलो, तेव्हा मामानं हात आडवा केला. "बंद कर. आता हलवायची न्हाई."

आई रडकुंडीला आली. "शिवा, पाणी घाल आन् चल की रं! पोरगी बघ कशी झालीया."

"अक्का, आता दामटली तर इंजिन जाम हुईल. मग फुडं बैलगाडीनं नेऊ का हिला?"

बैलगाडी म्हटल्यावर आईनं माझं डोकं मांडीशी घट्ट धरलं. मामानं कोट काढला, बाह्या वर केल्या आणि बॉनेट उघडलं.

गाडीचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं. एक कळ ओसरून दुसरी येईपर्यंत जेवढं दिसलं तेवढं, पण ते अजून तसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. त्यानं घाई केली नाही. त्याचा मला इतका राग आला की काय सांगू! मी मरतेय आणि हा माणूस पंख्याचा पट्टा बोटानं दाबून बघतोय. पट्टा घट्ट होता. तेलाची काडी काढली, पुसली, पुन्हा बुडवून उजेडात धरली. तेलात पाणी उतरलेलं नव्हतं. पटक्याचं फडकं धरून रेडिएटरचं टोपण जपून, थोडं थोडं फिरवत काढलं. आत पाणी काठोकाठ होतं. पाणी असून गाडी तापत होती. हुसेन म्हणाला, "हवालदार, लांबच्या पल्ल्याला जुन्या गाड्या तापत्यातच. चला आवं." मामाला ऐकू गेलं नसावं, नाहीतर हुसेनचं काही खरं नव्हतं.

मग त्यानं वरच्या रबरी नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. खालच्या नळीला लावला... आणि तिथंच ठेवला. त्याचा चेहरा बदलला. कानांचा उपयोग नव्हता म्हणून असेल, पण त्यानं डोळेही मिटले आणि दोन्ही तळवे रेडिएटरच्या जाळीवर टेकवून वरून खाली, डावीकडून उजवीकडे, सावकाश फिरवले. घरात कुणी तापानं फणफणलं की आई अशीच अंगावरून हात फिरवायची. दोनदा फिरवले, तिसऱ्यांदा फिरवले. मग ओरडला, "वर आग हाय आन् खाली गारठा! पाणी वरनं खाली येतच न्हाई! हुसेन, काय घातलंस रं हिच्या पोटात?"

हुसेन चाचरला. रेडिएटर जरा गळत होता, म्हणून त्यानं हळद टाकली होती. आमच्या मुलखात हळदीला काय तोटा! बोट कापलं तर हळद, तशी रेडिएटर गळला तरी हळदच, असं सगळेच ड्रायव्हर करायचे. चिमूटभर टाकली की भोक बुजायचं. पण हुसेननं टाकली, त्याला न सांगता पाटलांनी टाकली, गाडी कुणाच्या लग्नाला गेली तर तिथल्या शहाण्यानंही टाकली. जो तो आपली चिमूट तेवढी धरून चालला होता. आत तिचा चिखल होऊन नळ्या तुंबल्या होत्या.

मी कळा विसरून त्या माणसाकडे बघत राहिले. सगळी गाडी पेटल्यासारखी तापलेली, आम्ही सगळे त्या तापाला घाबरलेलो, आणि हा त्यात गार कुठं आहे ते शोधत होता! असं डोकं चालतं तरी कसं? मला खरोखर भीती वाटली त्याची, देवासमोर वाटावी तशी.

पुढचं काम अवघड नव्हतं, पण थांबावं लागलं. इंजिन निवल्याशिवाय गार पाणी ओतलं तर तडा जाईल, म्हणून मामानं कुणाला बादलीला हात लावू दिला नाही. तोवर त्यानं आणि हुसेननं रेडिएटर खोलून काढला आणि फडातल्या, रस्त्यालगतच्या विहिरीवर नेला. एक म्हातारा मोट हाकत होता. मामानं रेडिएटर उलटा करून मोटेच्या धारेखाली धरला. धो धो पाणी पडलं, आणि दुसऱ्या तोंडानं पिवळाजर्द गाळ बाहेर आला. पाट पिवळा झाला, पिवळं पाणी सऱ्यांमध्ये शिरलं. म्हातारा बैल थांबवून म्हणाला, "आवं पाव्हनं, माज्या उसाचं लगीन लावताय का काय?" त्या अवस्थेत मला हसू फुटलं, आणि हसता हसता अशी कळ आली की आईचा हात मी दातांनी चावला.

गळणारी नळी मामानं पकडीनं चिमटून बंद केली, रेडिएटर बसवला, पाणी भरलं. नंतर सांगलीपर्यंत तापमानाचा काटा एकदाही वर चढला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाळ फिरवलं. खूप वेळ लागला. पण मुलगी रडली, आणि मीही राहिले.

बाळ आधी मामाकडे न्यायला आईनं सांगितलं. तो दारात उभा होता, कोट घातलेला, हात पाठीमागे. नर्सनं बाळ पुढे केलं तर हा मागे सरकला. आई चिडली, "आरं, घे की! तुज्यामुळं हाय ती." तेव्हा त्यानं हात पुढे केले. दोन्ही तळवे फोडांनी भरले होते, काही फुटलेले, कडेला हळदीचा पिवळा रंग. त्या जाळीवरून तीन वेळा फिरवलेले हात. तशा हातांनी त्यानं बोल्ट खोलले होते, मोटेखाली रेडिएटर धरला होता, आणि ब्र काढला नव्हता. "माजं हात घेण्याजोगं न्हाईत, अक्का," तो म्हणाला. त्याचा इतका हळू आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. मग त्यानं कोपरं जोडली, तळवे वर उघडे ठेवले, आणि नर्सनं बाळ त्याच्या मनगटांवर निजवलं. लढाईवरून आल्यापासून मामा रडलेला कुणी पाहिला नव्हता. त्या दिवशी सगळ्या वॉर्डानं पाहिला.

फोड आठ-पंधरा दिवसांत बरे झाले असतील. पण मामानं पुढे आमच्या घरातलं प्रत्येक मूल तसंच घेतलं, मनगटांवर, तळवे उघडे ठेवून. माझी धाकटी पोरं, भावाची पोरं, सगळी. बायका हसायच्या, तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

गेल्या आठवड्यात माझ्या त्याच लेकीला, उषाला, नातू झाला. सांगलीच्याच दवाखान्यात. बाळ तिच्याकडे दिलं तर तिनं कोपरं जोडली आणि त्याला मनगटांवर घेतलं, दोन्ही तळवे वर, उघडे. तिचे जावई घाबरून म्हणाले, "आई, नीट धरा ना!"

"मला असंच धरता येतं," उषा म्हणाली.